अंगणवाडी या शब्दाचा पूर्वेतिहास व कोसबाडचे पाळणाघर

या त्रैमासिकातून सनदा, महजर, करीने व शकावल्या यांची छाननी नित्य होत असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने धाकुटा वाटण्याचा संभव आहे, आणि तो अक्षरशः धाकुट्यांचाच आहे. कष्टकरी बाई कामावर गेली असता तिच्या तान्ह्या व रांगत्या मुलास कोणी सांभाळावयाचे, आणि त्या सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा तो विषय होय. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज हिंदुस्थानातील बहुतेक भाषांत सरकारी कागदांतून वावरतो. तो मराठी मुलखात समुद्रकाठच्या एका गावी रूढ झाला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या शब्दाबरोबर जी एक व्यवस्था जन्मास आली होती तिचा अर्धा भाग पुढे गळून पडला, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तो गळालेला भाग कोणता, हे दाखविणे एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन ग्रंथांत बालसंगोपनाची चर्चा नाही असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. वास्तुविद्येत निष्णात पुरुषाने ते बांधावे, त्यात खेळणी असावीत ती रंगीत, नाद करणारी व हलकी असावीत, अणकुचीदार नसावीत, मुलाच्या तोंडात शिरतील एवढी लहान नसावीत, आणि मूल ऐकत नाही म्हणून त्यास राक्षसपिशाचांची नावे घेऊन भिववू नये, इतका बारकावा तेथे आहे. (आमच्या धंद्यातील मंडळींनी हा शेवटचा भाग वर्षारंभी एकदा वाचावा.) परंतु धात्री व कुमारागार ही ज्याच्या घरी धनधान्य आहे त्याची गोष्ट झाली. कौटिल्याने जनपदनिवेशाच्या प्रकरणात बाल, वृद्ध, व्याधित, अनाथ यांचे, तसेच निराधार स्त्रीस झालेल्या मुलांचे भरणपोषण राजाकडे सोपविले आहे. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत त्यांजकडे दासींच्या हस्ते सूतकताईचे काम पोहोचवावे असे म्हटले आहे. म्हणजे निराधाराची तरतूद आहे, आणि घरी बसून काम करणारीचीही आहे. जी बाई धडधाकट आहे, परक्याच्या शेतावर किंवा बांधकामावर जाते आणि तिचे मूल मागे राहते, तिचा उल्लेख मला तेथे आढळला नाही.

मराठेशाहीच्या कागदांतही हाच प्रकार. बालपरवेशी हा शब्द आमच्या वाचकांस परिचयाचा आहे. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या मुलास सरकारांतून जे वेतन मिळे ते बालपरवेशी. राज्याने मुलाच्या पालनाचा बोजा उचलला याचे हे उत्तम उदाहरण होय, पण ते बापाच्या चाकरीचे फळ होते. शेतमजुरीस जाणाऱ्या बाईचे मूल दप्तरात येण्यास कारणच नव्हते. ते बांधावरच्या झाडास बांधलेल्या झोळीत असे, आणि झोळीस झोका देण्यास त्याच्याहून चारपाच वर्षांनी वडील असलेली बहीण असे. कुळ, जमीन, बैल, विहीर यांची मोजदाद करणाऱ्या पाहणीखड्यात त्या मुलीच्या कामास रकाना नाही. माझ्या मते हेच या देशातील सर्वांत जुने, सर्वांत व्यापक आणि वरवर पाहता विनामूल्य असे पाळणाघर होय.

गिरण्या आल्या तेव्हा ही झोळी मुंबईस आली, परंतु झाड आले नाही. इ. स. १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरणीची स्थापना केली, आणि पुढील अर्धशतकात घाटावरची व कोकणातली हजारो कुटुंबे गिरणगावच्या चाळींतून राहू लागली. बायका मुख्यतः रिळे व बॉबिनी भरण्याच्या खात्यात काम करीत. गावी जी थोरली बहीण वा म्हातारी सासू मूल राखी ती पुष्कळदा गावीच राहिलेली. मग दहा तासांच्या पाळीत तान्हे मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी देत. तीस ‘बाळागोळी’ असे गोंडस नाव होते. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणीकामगार बायकांच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हा अशा मातांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांस अफू दिली जाते असा त्यांचा अहवाल आहे. या आकड्यावरून त्या माता निर्दय होत्या असा निष्कर्ष काढणारे त्या काळीही निघाले. आकड्याचा खरा अर्थ निराळा आहे. शंभरांतील अठ्ठ्याण्णव घरी मुलाजवळ बसण्यास जागते माणूस नव्हते, एवढेच तो सांगतो.

या अहवालानंतर कायद्याची पावले पडू लागली. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक नापास झाले. मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले असता २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. तो बाळंतपणाच्या सुमाराच्या थोड्या आठवड्यांपुरता. त्यापुढील वर्षांचे काय, याचे पहिले उत्तर १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यात मिळते. ज्या कारखान्यात पन्नासांहून अधिक बायका काम करीत असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांकरिता खोली राखून ठेवण्यास सांगणारे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांस मिळाली. १९४८ च्या कायद्याने ही मुभा जाऊन सक्ती आली, आणि १९७६ साली पन्नासांचे तीस झाले.

हा पन्नासांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मळ्यांतील मजुरांचा १९५१ चा कायदा, विडीकामगारांचा १९६६ चा, इमारतबांधणीच्या मजुरांचा १९९६ चा, या सर्वांत पाळणाघराची अट अशाच एखाद्या आकड्याशी बांधलेली होती, आणि मुळात सर्वत्र मोजावयाच्या त्या बायका. मूळ कायद्यांत मूल मोजलेले नव्हते. परिणामी ज्यास खोली बांधावयाची नाही त्याने बायकांची संख्या मर्यादेच्या आत ठेवावी, किंवा विडीप्रमाणे काम घरोघर वाटून द्यावे, ही पळवाट कायद्यातच राहिली. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घटतच गेले. त्यास यंत्रांतील फेरबदल, रात्रपाळीची बंदी इत्यादी इतरही कारणे होती, आणि केवळ पाळणाघराच्या खर्चामुळे असे झाले असे मी म्हणत नाही. तथापि जो हक्क बाईस मिळताच तिला कामावर ठेवणे मालकास महाग पडते, तो हक्क फार दिवस तिच्या पदरी राहात नाही, हे कोणाही व्यवहारी माणसास पटेल.

आता शब्दाकडे वळू. पाश्चात्त्य देशांत या संस्थेस क्रेश म्हणतात. फर्मं मार्बो या गृहस्थाने पॅरिस येथे १८४४ साली कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठी पहिले क्रेश उघडले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ गव्हाण असा आहे, आणि येशूस जन्मतः गव्हाणीत निजविले होते त्या कथेचा त्यास आधार आहे. मराठीने हा शब्द जसाच्या तसा न घेता पाळणाघर असा स्वतंत्र शब्द घडविला हे चांगले झाले. शिक्षणाच्या बाजूने दुसरी परंपरा आली. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रीशिक्षिकांच्या विद्यालयातील मोठ्या पगाराची जागा सोडून १९२३ साली गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. बालमंदिर, शिशुविहार, ही नावेच पाहा. पहिल्यात देऊळ आहे, दुसऱ्यात बौद्ध विहाराची वा रम्य क्रीडास्थानाची छाया आहे. दोन्हींत मुलास चालत, धुतलेल्या अंगाने व स्वच्छ कपड्याने, उंबरा ओलांडून आत यावे लागते. आणि तेथवर त्यास पोहोचविणारे कोणी घरी असावे लागते. दादरच्या मध्यमवर्गास हे साधणारे होते.

१९४५ साली, म्हणजे शके १८६७ मध्ये, ताराबाई त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०-१९९२) होत्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे शिक्षिका होऊन त्या या कामात पडल्या त्या अखेरपर्यंत. बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे केंद्र निघाले व बालवाडी सुरू झाली. देवळाच्या जागी येथे वाडी आली, ही पहिली पायरी. वाडी हा शब्द संस्कृत वाटी किंवा वाटिका यावरून आलेला असून कुंपण घातलेली बाग वा वस्ती असा त्याचा अर्थ आहे. परंतु त्या वाडीतही हरिजनवस्तीची मुले येईनात. आया सकाळीच मजुरीस गेलेल्या, अंगावर वस्त्र नाही, आणि जी मुलगी आणू शकली असती तिच्या कडेवर दुसरे मूल. तेव्हा बाई स्वतः वस्तीत गेल्या व तेथल्या अंगणातच शाळा मांडू लागल्या. प्रथम अंग धुणे, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणी व खेळ. हीच अंगणवाडी. अङ्गण हा शब्द अमरकोशाने चत्वर व अजिर यांच्या पंक्तीस बसविला आहे. घराचा तो असा भाग की जो घरातही आहे आणि बाहेरही. मंदिर, वाडी, अंगणवाडी असा हा पंचवीस वर्षांतील उतार आहे, आणि प्रत्येक पायरीगणिक मुलाला चालावे लागणारे अंतर कमी होत गेले आहे. शब्दांच्या इतिहासातून समाजाचा इतिहास इतका स्वच्छ उमटल्याची उदाहरणे थोडी सापडतील.

खर्चाचा प्रश्न त्यांनी कसा सोडविला तोही पाहण्यासारखा आहे. माँटेसरी बाईंच्या पद्धतीची शास्त्रशुद्ध लाकडी साधने परदेशी मापाची व महाग. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपले फुकट होते. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती यांपासून मोजण्याची, जुळविण्याची व वर्गवारीची साधने तयार झाली. स्वस्ताईसाठी मूळ तत्त्वास मुरड घातली असे काही जण म्हणत. मला ते मान्य नाही. लहानमोठे शिंपले ओळीने लावताना मुलाच्या हाताला व डोळ्याला जे शिक्षण मिळते ते लाकडी ठोकळ्याने मिळणाऱ्यापेक्षा उणे नाही.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीपासून काही मैल आत असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक अनेकांच्या संग्रही असेल. पाडे विखुरलेले, माणसे दिवसभर रानात वा परक्याच्या शेतात, पोटापुरते धान्य वर्षातून थोडेच महिने. शाळेच्या वयाचा मुलगा गुरांमागे आणि मुलगी भावंडामागे. कोसबाडची खरी सूक्ष्म दृष्टी येथे दिसते. मुलगा शाळेत येत नाही कारण गुरे आहेत, तर गुरे चरतात त्या कुरणातच शिक्षक जाऊ लागला, त्यास कुरणशाळा म्हणत. मुलगी येत नाही कारण भावंड आहे, तर भावंडासह तिला येऊ द्यावे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच ठिकाणी, एकमेकींस लागून चालविण्यात आल्या. या एकत्र संस्थेस विकासवाडी असे नाव होते. थोरली बहीण भावास कडेवर घेऊन येई, त्यास पाळण्यात ठेवी, मधल्यास बालवाडीत सोडी आणि स्वतः पाटीपुस्तक घेऊन बसे. तान्ह्याचा पाळणा हाच तिच्या शिक्षणाचा पाया झाला. शिक्षणाच्या इतिहासकारांनी विकासवाडीचे वर्णन शैक्षणिक प्रयोग म्हणून केले आहे, ते खरेच आहे. पण ज्या कामास कोणत्याही दप्तराने रकाना दिला नव्हता ते तिने प्रथमच मोजले, हे तिचे अधिक मोठे कार्य मी समजतो.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभीची काही वर्षे मी डोंगराळ भागातील एका शाळेत होतो. संस्कृत शिकविण्याची उमेद घेऊन गेलो, पाचवीचा वर्ग पदरी पडला. त्या वर्गात एक मुलगी दाराजवळ बसे. तिच्या मांडीवर वर्षासव्वा वर्षाचा भाऊ असे. तो रडला की ती उठून ओसरीवर जाई, गप्प झाला की परत येई. पाढे तिला वर्गात सर्वांत चोख येत, कारण ती ते भावास झुलवताना म्हणत असे. तपासणी जवळ आली तेव्हा वर्गात तान्हे मूल दिसणे बरे नव्हे असे मला सांगण्यात आले. मीही ते तिला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. नियमाप्रमाणे ठरलेले दिवस भरल्यावर मी तिचे नाव पटावरून कमी केले आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ असे लिहिले. अक्षर चांगले आले होते. पुढे चाळीस वर्षे मी जुनी हस्तलिखिते वाचीत आलो, लेखकांनी केलेल्या चुका, गाळलेल्या ओळी, मुद्दाम बदललेली नावे शोधून काढण्यात मला आनंद वाटतो. त्या एका शब्दात मी स्वतः काय गाळले हे ध्यानात येण्यास निवृत्ती उजाडावी लागली. कोसबाड त्या शाळेपासून फार दूर नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकासाची योजना ३३ ठिकाणी सुरू केली, व तिच्या केंद्रास अंगणवाडी हे नाव दिले. आज अशी केंद्रे १४ लाखांच्या आसपास आहेत. एवढ्या विस्ताराची दुसरी बालसंगोपनाची व्यवस्था जगात क्वचित असेल, आणि तिने पुष्कळ मुले जगविली हे निर्विवाद आहे. परंतु योजनेत सहा सेवा सांगितल्या आहेत: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्यशिक्षण, लसीकरण, तपासणी आणि पुढील उपचारांची शिफारस. या सहांत पाळणा नाही. केंद्र दिवसातून काही तास चालते, शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांस, आणि तीन वर्षांखालील मुलाचा आहार घरी न्यावयाचा. म्हणजे नाव बोर्डीच्या अंगणातून घेतले, पण टेकडीवरचा पाळणा टेकडीवरच राहिला. दीड वर्षाचे मूल आहे त्याच कडेवर आहे, आणि आई आठ-नऊ तासांनी परतते. ग्रंथाची प्रत करताना लेखकाने मुखपृष्ठ नेमके उतरावे व मधले एक पत्र गाळावे, तसा हा प्रकार झाला.

स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या बाया ही केंद्रे चालवितात त्यांस पगार नसून मानधन आहे, त्या ‘सेविका’ व ‘मदतनीस’ आहेत. सेवा या शब्दाची व्याप्ती आपल्याकडे मोठी आहे, आणि तिच्या आडोशास पुष्कळ काही स्वस्तात होऊन जाते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या बायांस उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, तोवर योजनेस जवळजवळ अर्धशतक लोटले होते. पूर्वी थोरल्या बहिणीने फुकट केलेले काम आता शेजारची बाई अल्प मोबदल्यात करू लागली, एवढा फरक.

गळालेल्या पाळण्याची आठवण मधूनमधून होत राहिली आहे. १९६९ साली दिल्लीस राजघाटाजवळ गांधीदर्शनाचे बांधकाम चालू असता मीरा महादेवन यांनी मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून तेथेच तंबूत पाळणाघर मांडले, आणि बांधकाम हलेल तसे ते हलवावयाचे ठरविले. पुढे ही फिरती पाळणाघरे मुंबईस व पुण्यासही आली. झोळी व झाड यांचा संबंध येथे पुन्हा जुळला असे म्हणता येईल. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर एक विलक्षण कलम होते. कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आलेली असतील तर त्यांना सांभाळण्यास एका बाईस नेमावे, आणि तिला मजुरी द्यावी. वर सांगितलेला पन्नासांचा आकडा येथे वाचकांनी आठवावा. तेथे बायका मोजल्या होत्या, येथे मुले मोजली, आणि राखणे हे मजुरीचे काम ठरले. कलमाचा अंमल जागोजाग किती झाला हा निराळा प्रश्न आहे, परंतु कायद्याच्या भाषेत झालेला हा पालट नोंदविण्याजोगा आहे. २०२२ पासून अंगणवाडीसच पाळणाघर जोडण्याची ‘पालना’ नावाची केंद्रीय योजना आहे. पासष्ट वर्षांपूर्वी टेकडीवर जे होते त्याकडे ती वळते आहे. मात्र तिची केंद्रे एकंदर अंगणवाड्यांच्या मानाने फार थोडी.

या विषयाची साधने अद्याप पुष्कळशी कोणाच्याच संग्रही नाहीत. ताम्रपटास गिऱ्हाईक आहे, बालवाडीच्या हजेरीपटास नाही, आणि असे कागद दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. १९४५ ते १९७५ या काळातील बालवाड्यांचे, गिरण्यांतील पाळणाघरांचे व खेड्यांतील प्राथमिक शाळांचे हजेरीपट, बाळागोळीच्या जाहिराती व वेष्टने, शिक्षिकांच्या दैनंदिन्या, शिंपल्याबियांच्या साधनांचे नमुने ज्या वाचकांच्या पाहण्यात येतील त्यांनी ते मंडळाकडे पाठवावे, किंवा निदान त्यांची नक्कल करून ठेवावी. हजेरीपट पाठविताना ‘नाव कमी केल्याचे कारण’ हा रकाना फाटलेला नाही ना, तेवढे पाहून घ्यावे.